अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन ऐंशीच्या पुढे गेला आहे, आवाज राहिलेला नाही आणि जुनी गाणी ओळखू येत नाहीत असे म्हणतात; तरीही त्याच्या कार्यक्रमाला जावे का?

अवश्य जावे. आवाजाबद्दलची तक्रार निम्मी खरी आहे. गाणी ओळखू येत नाहीत ही तक्रार पूर्ण खरी आहे, आणि मला विचाराल तर जाण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे.

मी हे आवेशाने लिहितो आहे, कारण याच दोन मुद्द्यांवरून माझा आणि माझ्या थोरल्या मावसभावाचा वाद अनेक वर्षे चालू आहे. डिलन ऐकायला मला दादानेच शिकवले. पुण्यातल्या त्याच्या खोलीत डिलनच्या साठच्या दशकातील गाण्यांची एक कॅसेट होती. ती आम्ही फीत गुंतेपर्यंत ऐकली, आणि कोणत्या ओळीनंतर हार्मोनिका येते, कुठे श्वास घेतला आहे, हे सारे दादाला तोंडपाठ होते. पुढे आम्ही दोघेही इंग्लंडला आलो. २८ ऑक्टोबर २०२२ रोजी डिलन नॉटिंगहॅमला गाणार असल्याचे कळताच मी दोघांची तिकिटे काढली आणि दादाला जवळजवळ ओढूनच नेले.

एरवी आइस हॉकीचे सामने होतात ते मोठे बंदिस्त सभागृह. आत जातानाच प्रत्येकाचा मोबाइल एका कुलूपबंद पिशवीत घालून ती पिशवी त्याच्याच हातात दिली जात होती, त्यामुळे पूर्ण कार्यक्रमात एकही चमकणारा पडदा मधे आला नाही. डिलन पियानोमागे होता. त्या रात्री त्याने आधी ठरलेली सतरा गाणी गायली, त्यांपैकी नऊ २०२० साली आलेल्या ‘रफ अँड राउडी वेज’ या अल्बममधली होती. ‘ब्लोइंग इन द विंड’ नाही, ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ नाही. जी थोडी जुनी गाणी होती त्यांच्याही चाली बदललेल्या होत्या: ‘आय विल बी युअर बेबी टुनाइट’ अगदी संथ सुरू होऊन मधेच धावायला लागले, आणि ‘गॉट्टा सर्व्ह समबडी’ ठेका धरण्याच्या आतच निम्मे पुढे गेले होते. दादा प्रत्येक गाण्याला आधी मूळ चाल गुणगुणून पाहायचा, ती जुळली नाही की खुर्चीला टेकून बसायचा. वादक मात्र डिलनवरची नजर काढत नव्हते. १९८९ पासून त्याच्याबरोबर असलेला बास गिटारवादक टोनी गार्निए तर पियानोच्या जवळ उभा राहून, तो पुढची ओळ कधी उचलतो आहे याची वाट पाहत होता. डिलन शब्द ठेक्याच्या मागे ठेवतो, कधी अर्धी ओळ थोपवून उरलेली एका दमात टाकतो, आणि हे त्या क्षणी ठरत असते.

शेवटच्या गाण्याआधी दादा उठला. हा माणूस प्रेक्षकांशी एक शब्द बोलत नाही, त्याला आपली पर्वा नाही, आणि आपली गाडी चुकेल, असे तो म्हणाला. मी थांबलो. ‘एव्हरी ग्रेन ऑफ सँड’ झाले. त्या दौऱ्यात तो ‘वन्स मोअर’ देत नसे, म्हणून लोक निघायलाही लागले होते. तेवढ्यात तो वादकांसह परत आला. त्याच दिवशी रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या काळातला गायक-पियानोवादक जेरी ली लुईस वारला होता. जेरी ली गेला, त्याचे एक गाणे आम्ही वाजवतो, अशा अर्थाची दोनतीन वाक्ये बोलून त्याने ‘आय कान्ट सीम टु से गुडबाय’ गायले. एक्क्याऐंशी वर्षांचा गायक ज्याच्या रॉक अँड रोलवर वाढला, त्याला त्याने त्याच रात्री, त्याच्याच गाण्याने निरोप दिला. प्रेक्षकांची पर्वा नसलेला माणूस हे करत नाही, असे मी दादाला तेव्हाही सांगितले आणि आजही सांगतो.

दादाची तक्रार नवीनही नाही. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये डिलनने लोकगीतांची साधी गिटार सोडून विजेची गिटार हाती घेतली म्हणून प्रेक्षकांतून कोणीतरी त्याला ‘जुडास’, म्हणजे विश्वासघातकी, म्हणून ओरडले होते. तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता आणि आवाज ठणठणीत होता. मूळ रेकॉर्डसारखे गा, ही मागणी त्याने तेव्हाच फेटाळली आहे. मला खरे दुःख याचे आहे की दादा सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसलेला माणूस आहे. भीमसेनांनी यंदा तोच राग मागच्या वर्षीसारखा मांडला नाही, अशी तक्रार त्याने कधी केली नाही. उलट बंदिश तीच असून विस्तार नवा होता, हे तो आठवडाभर कौतुकाने सांगत असे. ख्यालाला आपण जे स्वातंत्र्य आनंदाने देतो, ते स्वतःचीच रचना गाणाऱ्या माणसाला का नाकारायचे, याचे उत्तर मला दादाकडून अजून मिळालेले नाही. भावगीत जसेच्या तसे ऐकण्याची आपल्याला सवय आहे आणि डिलनला आपण त्या रांगेत बसवले आहे, एवढेच मला दिसते.

आता आवाजाविषयी. त्याची झेप आज थोडक्या सुरांत आहे, हे मान्य. पण २०१५ ते २०१७ या काळात त्याने अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राने गायलेल्या जुन्या अमेरिकन गाण्यांचे तीन अल्बम केले, आणि त्यानंतर त्याचे उच्चार त्याआधीच्या काही वर्षांपेक्षा कितीतरी स्वच्छ झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. नॉटिंगहॅमला मला जवळजवळ प्रत्येक शब्द कळला.

काही गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्यात. त्याचा चेहरा नीट दिसेल या आशेने जाऊ नका. तो बराच वेळ पियानोआड असतो आणि प्रकाश मंद असतो. शक्य असेल तर मोठ्या सभागृहाऐवजी लहान नाट्यगृहातला प्रयोग निवडा. त्याच दौऱ्यात तो लंडनच्या पॅलेडियममध्येही गायला होता. गाण्यांची निवडही कायमची नसते: २०२४ च्या शरद ऋतूतील युरोप दौऱ्यात ‘डेसोलेशन रो’ आणि ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ परत आली होती, तेव्हा दौऱ्यातल्या आधीच्या कार्यक्रमांची यादी पाहूनच तिकीट काढा. ‘रफ अँड राउडी वेज’ ऐकलेला नसेल तर जाण्याआधी निदान पाचसहा वेळा ऐका, आणि तो आवडलाच नाही, तर तिकिटाचे पैसे खर्च करू नका. आणि जाल, तर परतीची गाडी शेवटचीच धरा.