रोबोट आले की कपडे शिवणाऱ्या कारागिरांची गरज संपेल का?

इतक्यात तरी नाही. आधी बदलतंय ते डिझाइन, कटिंग आणि किती माल काढायचा याचा हिशेब. कारण कापड पत्र्यासारखं ताठ नसतं. ते ताणतं, सुरकुततं, एक तुकडा उचलायला जावं तर दोन हातात येतात. शर्टाची बाही लावतानाच बघा: बाहीचा गोलवा मुंढ्यापेक्षा (जिथे बाही जोडतात त्या खांद्याजवळच्या गोल कापापेक्षा) किंचित मोठा कापलेला असतो आणि तो जास्तीचा भाग चुणी न पडता जिरवायचं काम बोटं करतात. यंत्राला नेमकं हेच जड जातं. खिसे आणि काज-बटणांसाठी स्वयंचलित मशिन्स कधीच आली आहेत, पण तिथेही तुकडा मांडायला बहुधा माणूसच लागतो.

अपवाद निटवेअरचा, म्हणजे स्वेटरसारख्या विणलेल्या कपड्यांचा. जपानच्या शिमा सेइकी कंपनीचं १९९५ मधलं होलगारमेंट मशीन अख्खा स्वेटर शिवणीशिवाय विणतं. आता ऑफिसातही सैल, ताणले जाणारे कपडे चालतात, त्यामुळे या तंत्राचा वाटा वाढेल असं मला वाटतं.

किती माल काढायचा, या हिशेबाला रेटा आहे तो कायद्याचा. युरोपीय संघाच्या नियमानुसार १९ जुलै २०२६ पासून मोठ्या कंपन्यांना न विकले गेलेले कपडे नष्ट करायला (थोडे अपवाद सोडून) बंदी आहे. म्हणजे आधी ढीगभर शिवून ठेवणं अंगाशी येणार. आणि छोट्या, सतत बदलणाऱ्या ऑर्डरींशी कुशल कारागीर मशीनपेक्षा लवकर जुळवून घेतो.