‘तसलं काही’ म्हणू नकोस

प्रिय,

आधारगटाच्या मानसिक प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला, म्हणजे मनानं खचलेल्या माणसाला पहिला आधार कसा द्यायचा ते शिकायला, नाव दिलंस हे वाचून बरं वाटलं. पुढची ओळ वाचून मात्र हसू आलं: “ऐन वेळी मला योग्य शब्द सुचतील का?” शब्दांसाठी जाऊ नकोस. पाठ केलेली वाक्यं आठवड्याभरात विसरतात. तिथून आणायची असते ती अवघडलेपण सोसायची सवय.

माझंच सांगते. बरोबर काम करणारी एक मैत्रीण एकदा जिन्यात थांबून म्हणाली, “हल्ली सकाळी उठूच नये असं वाटतं.” मी घाईघाईनं म्हटलं, “अगं, होईल सगळं ठीक.” ती “हो ना” म्हणाली आणि पुढच्याच पायरीवर सुट्ट्यांविषयी बोलायला लागली. मला वाटलं, आपण धीर दिला. खरं तर मी विषय मिटवला होता, आणि तोही माझीच घालमेल थांबावी म्हणून.

पुढे मी प्रशिक्षण घेतलं. तिथे आमचे तिघातिघांचे गट केले होते: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता बघणारा. ऐकणारी मी होते; मी सल्ला दिला रे दिला, की बघणारा कागदावर एक रेघ मारायचा. पाच मिनिटांत सात रेघा! ‘रोज फिरायला जात जा’पासून ‘माझंही अगदी असंच झालं होतं’पर्यंत. (हा दुसरा सल्ला नव्हे, पण समोरच्याची गोष्ट पळवणं आहेच.) दुसऱ्या फेरीत नियम असा, की समोरचा थांबला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, मगच तोंड उघडायचं. ते दहा आकडे फार लांब असतात. पण सातव्या-आठव्यावर समोरचा पुन्हा बोलू लागला, आणि खरं दुखणं तेव्हा बाहेर आलं.

सगळ्यात जड गेलं ते एक वाक्य मोठ्यानं म्हणणं: “तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?” माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघालं, तर “तसलं काही मनात येत नाही ना?” या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच भरून ठेवलंय. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती सगळ्यांनाच वाटते. संशोधनात तिला आधार मिळालेला नाही; उलट स्पष्ट विचारल्यावर अनेकांना हलकं वाटतं. हे नुसतं माहीत असून जीभ वळत नाही, म्हणून तो प्रश्न पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात. लाजू नकोस, म्हण.

उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, जिवाला अपाय करता येईल असं काही हाताशी असेल तर ते दूर करायचं आणि तातडीची मदत बोलवायची. म्हणूनच “कुणालाही सांगणार नाही” असं वचन आधी देऊन बसू नकोस. “जिवाला धोका वाटला तर मात्र मी मदत आणणार” हे सुरुवातीलाच सांगावं.

मानसिक प्रथमोपचाराचा एक गाजलेला अभ्यासक्रम २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जोर्म या जोडप्यानं सुरू केला. किचनर यांनी नैराश्य स्वतः सोसलेलं होतं, म्हणून मला त्याचं अप्रूप जास्त. जागतिक आरोग्य संघटनेची संकटकाळातल्या मदतीसाठीची २०११ची मार्गदर्शिका तर तीन क्रियापदांवर उभी आहे: बघा, ऐका, जोडून द्या. तिसरं, म्हणजे योग्य मदतीशी गाठ घालून देणं, आपण विसरतो. ऐकता ऐकता आपणच डॉक्टर होतो आणि आजाराचं नावही ठेवून मोकळे होतो. तुझं काम ते नव्हे. आणि जोडून देणं म्हणजे हातात नंबर कोंबणंही नव्हे, “फोन लावशील तेव्हा मी शेजारी बसू का?” हे विचारणं.

कुणाचं ऐकून घरी आल्यावर झोप लागली नाही, तर नाव न घेता प्रशिक्षकांशी बोल. ते त्यासाठीच असतात.

जाताना एक वही ने. सरावात जे वाक्य तुझ्या तोंडून निघणार नाही, ते लिहून आण. रविवारी फोन कर, आपण ते म्हणून बघू.

तुझी,
ताई