मराठी कुठल्या नियमाने?

मनू बाळा,

परवा गुढी बांधताना तू विचारलंस, "आई, अ‍ॅथलेटिक फुटबॉल क्लबच्या नियमाने मी इथलीच आहे, बिल्बाओत जन्मले, चांगली खेळले तर मला घेतील. पण मी मराठी कुठल्या नियमाने?" मी "दोरी नीट धर" म्हणून वेळ मारून नेली, पण थोडं लागलं मला, म्हणून लिहितेय.

स्पेनच्या सगळ्यात वरच्या ला लीगातून एकदाही खालच्या लीगमध्ये न गेलेले क्लब तीनच, रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि तुमचा अ‍ॅथलेटिक, आणि त्यात फक्त तुमचा क्लब आपल्या या बास्क भागात जन्मलेल्या नाहीतर इथेच फुटबॉल शिकलेल्या पोरांवर चालतो, पोरींच्या टीमलाही तेच. इथे आल्यावर मला हे कळलं तेव्हा सगळ्यांना वाटतं तसं नवल नाही वाटलं, कारण मी कोल्हापूरची. आबा मला शाहू स्टेडियमवर न्यायचे, पाटाकडील विरुद्ध शिवाजी असली की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ दोन्ही ओस पडायच्या. टीम तालमीची, तालीम पेठेची, आणि गोल मारणारा म्हणजे ज्याच्या घरून सकाळी विरजण मागून आणलं तोच दादा. हरलो की आबा रात्री जेवायचे नाहीत, आजी ताट झाकून ठेवायची. तुम्ही या पेठेचे कशावरून, असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही, मलाही नाही. त्यामुळे उत्तर तयार ठेवायची वेळच आली नव्हती गं.

गुढीचंही तसंच. आबा पहाटे कळक धुवून ठेवायचे, आजीची जरीची साडी, गाठी बांधायचा मान ताईआत्याचा, आणि कडुलिंब पहिला मी खायचा. कशासाठी ते कुणी समजावलं नाही, आणि मीही विचारलं नाही, सगळ्या गल्लीत होती म्हणून आमच्याही दारात होती. इथे गल्लीत एकटीच असते. फक्त 2024 ला एकटी नव्हती, आठवतंय? 6 एप्रिलला मायोर्काला पेनल्टीवर हरवून 40 वर्षांनी कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा राजाचा कप, आला, 9 ला पाडवा, 11 ला टीम गबार्रा बोटीतून नदीवर येणार म्हणून प्रत्येक बाल्कनीत लालपांढरे झेंडे, त्यात आपली गुढी. खालची माणसं वर बघून हात करत होती, त्यांना वाटलं असेल हाही अ‍ॅथलेटिकचाच काहीतरी प्रकार. त्या दिवशी मला इथे परकं वाटलं नाही.

आता तुझ्या नियमाबद्दल. तो क्लबच्या घटनेत लिहिलेलाच नाही, लोक पाळतात म्हणून आहे. आणि सुरुवात बघ ना, इथे कामाला आलेले इंग्रज आणि इंग्लंडला शिकून परतलेली इथली पोरं, त्यांनी हा खेळ आणला, लालपांढरा शर्टही तिकडूनच आला, नावही इंग्रजी. हुकूमशहा फ्रँकोने 1941 मध्ये ते नाव स्पॅनिश करायला लावलं तेव्हा त्याच इंग्रजी नावासाठी बास्क लोकांचा जीव तुटला. तुमच्या क्लबचा गोलकीपर इरिबारने 1976 मध्ये बंदी असलेला बास्क झेंडा मैदानात नेला, तोही समोरच्या बास्क टीमच्या, रेआल सोसिएदादच्या कॅप्टनबरोबर, मॅचच्या दिवशी, दोघं मिळून. म्हणजे आपलं काय हे आधीपासून ठरलेलं नसतं गं, धरून ठेवत गेलं की होतं. असं मला वाटतं, पण मी बरोबर असेनच असं नाही.

आणि तुझे लाडके विल्यम्स भाऊ. आईबाप घानाहून सहारा वाळवंट पार करून आले, इन्याकी बिल्बाओत जन्मला, निको पाम्प्लोनात. इन्याकी घानाकडून खेळतो, निको स्पेनकडून, आणि दोघंही अ‍ॅथलेटिकचे. त्यांच्या आईने दोघांना काय सांगितलं असेल याचा मी खूपदा विचार करते. तिला दोघांचंही पटलं असणार, निदान मला तरी पटतं.

म्हणून तू मराठी आहेस असं मी तुझ्यावर लादणार नाही. तुला मोठं होऊन फक्त इथलं व्हायचं असेल तर हो, मला वाईट वाटेल, पण मी अडवणार नाही. फक्त रविवारी आजीचा फोन आला की मराठीत बोलत जा, अडखळलीस तरी चालेल, तिला तुझ्या मॅचचं सगळं तुझ्याच तोंडून ऐकायचं असतं आणि ऑफसाइड तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आई