रॉ फूड डाएटवर रोज चार-पाच केळी खातो, त्यानं पोटातली यीस्ट वाढते का?

नाही, शुगर नॉर्मल असेल तर फळांनी यीस्ट वाढते असं काही नाही, रावेर-यावलची केळी बिनधास्त खा. कॅन्डिडा नावाची ही बुरशी बऱ्याच जणांच्या तोंडात, आतड्यात आधीपासूनच असते आणि फळातली साखर बहुतेक लहान आतड्यातच शोषली जाते. मी जळगावात मेडिकल चालवतो, जिभेवर या बुरशीचा पांढरा थर घेऊन जे येतात त्यांना विचारलं की बहुतेकदा मागे अँटिबायोटिकचा कोर्स निघतो, नाहीतर दम्याचा स्टेरॉइड पंप मारून चूळ भरलेली नसते, किंवा मग शुगर. नुसती केळी सोडून बरा झालेला अजून तरी पाहिला नाही. फक्त डायबिटीस कंट्रोलमध्ये नसेल तर गोष्ट वेगळी, रक्तात-लघवीत साखर वाढली की बुरशीला रान मोकळं, मग केळी, चिकू, खजूर डॉक्टरांना विचारून, मोजूनच. आणि पोट फुगतंय म्हणून लगेच यीस्ट धरून बसू नका, एकदम एवढं कच्चं खायला लागलं तर गॅस होणारच ना भाऊ, हळूहळू वाढवा.