स्वीडनच्या गुस्ताव तिसऱ्या राजावरची टीव्ही मालिका पाहायची आहे. त्याचा खून झाला होता ना? मालिकांतलं कितपत खरं मानायचं?

एसव्हीटी या स्वीडिश वाहिनीचं २००१ सालचं नाट्य म्हणत असाल, तर तो संसाराचा पट आहे. खुनाच्या थराराची अपेक्षा ठेवू नका. योनास कार्लसन राजा झाला आहे आणि डेन्मार्कहून आलेली राणी सोफिया मागदालेना, इबेन येइले ही डॅनिशच अभिनेत्री. निवड चोख आहे.

लग्न १७६६चं, मुलगा १७७८चा. मधली बरीच वर्षं पती-पत्नीत संबंधच नव्हते आणि १७७५मध्ये दोघांना जवळ आणण्यासाठी राजाने शाही पागेतल्या मुंक नावाच्या अधिकाऱ्याची मदत घेतली, इथवर इतिहास भक्कम आहे. मूल मुंकचं, ही मात्र अफवा. राजमाता लोविसा उल्रिकाने ती उचलून धरली आणि शेवटी तिला लेखी माघार घ्यावी लागली. पडद्यावर या दोन्ही गोष्टी पाठोपाठ आल्या की दुसरीही सिद्ध झाल्यासारखी वाटते. तिथे सावध राहा.

खुनाबाबत सर्वात मोठा घोळ ऑपेराने केला: कारण म्हणून मत्सर घुसडला. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ऑपेरात तर सेन्सॉरपायी सगळं कथानकच बॉस्टनला गेलं. खरं कारण राजकीय होतं. १७७२मध्ये राजाने घडवलेलं सत्तांतर, १७८८पासूनचं रशियाशी युद्ध आणि १७८९च्या कायद्याने कापलेले उमरावांचे अधिकार, एवढं आधी वाचून घ्या. नाहीतर कटातली माणसं निव्वळ खलनायक वाटतात.

दुसरी चूक म्हणजे गोळी लागताच राजा गतप्राण. १६ मार्च १७९२च्या रात्री, स्टॉकहोमच्या ऑपेरागृहातल्या मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात कटातल्या अँकरस्ट्रॉम या उमरावाने पाठीमागून, अगदी जवळून पिस्तूल झाडलं. त्यात गोळ्यांसोबत खिळेही ठासले होते. घाव कमरेच्या वर, डावीकडे. राजा शुद्धीवर होता, बोलत होता. जखम चिघळली आणि २९ मार्चला, म्हणजे १३ दिवसांनी, तो गेला. नाट्य खरं तर याच दिवसांत आहे, पण पटकथाकारांना धूर आणि किंकाळी जास्त आवडते.

मुखवट्यातही राजा ओळखू कसा आला, हा प्रश्न पडेल. छातीवर राजचिन्हाचा तारा होता. जेवताना हल्ल्याचा इशारा देणारी निनावी चिठ्ठीही आली होती, ती त्याने मनावर घेतली नाही. मारेकऱ्याने पिस्तूल तिथेच टाकलं. दुसऱ्या दिवशी बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ते ओळखलं आणि अँकरस्ट्रॉम पकडला गेला. त्याला २७ एप्रिलला देहदंड झाला. त्याच्या साथीदारांपैकी रिबिंग आणि हॉर्न यांना हद्दपारी मिळाली, फाशी नाही.