टेक्सास फ्लड अर्धा सूर खाली काऊन वाजते?

प्रश्न: अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा ‘टेक्सास फ्लड’ अल्बम एलपीवर घेतला. टर्नटेबल जुनं आहे, मामांनी अमेरिकेहून आणलेलं, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. गिटार ट्यूनरवर बरोबर लावून त्यातल्या ‘प्राइड अँड जॉय’ सोबत वाजवायला बसलो की माझी गिटार वर आणि रेकॉर्ड खाली. बहीण गाणं शिकते, ती म्हणते बरोब्बर अर्धा सूर उतरलाय. रिपेअरवाले म्हणतात मोटर बदला. बदलू का?
– एक गिटारवाला, धरमपेठ

उत्तर: भाऊ, पाकीट आत ठेवा. बहिणीचा कान पक्का आहे आणि मोटर बहुतेक निर्दोष आहे. वॉन गिटार लावायचाच अर्धा सूर खाली, सहाच्या सहा तारा. ‘प्राइड अँड जॉय’ तो बोटांनी ई मध्ये वाजवतो पण कानावर येतो ई फ्लॅट, म्हणजे बहिणीच्या भाषेत पांढरी तीनच्या जागी काळी दोन. गिटारवाला जिमी हेंड्रिक्सही पुष्कळदा असंच लावायचा. तुम्ही सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा, रेकॉर्ड आपोआप सुरात येईल.

आता अमेरिकेच्या मशीनचं. तिथली वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, आपल्याकडे 230 आणि 50. तुमचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही, आणि जुन्या एसी सिंक्रोनस मोटरवाल्या प्लेयरचा वेग हर्ट्झवरच ठरतो. तसं मशीन आपल्या विजेवर मिनिटाला 33⅓ ऐवजी जेमतेम 27.8 फेरे मारेल आणि गाणं अर्धा नाही, तीन अर्ध्या सुरांहून जास्त खाली जाईल, वॉन झोपेत गातोय असं वाटेल, त्यावर त्याचा स्वतःचा अर्धा सूर वेगळाच. तुमच्याकडे फरक फक्त अर्ध्याचा आहे म्हणजे एकतर मोटर डीसी आहे (तिचा वेग हर्ट्झवर ठरत नाही) नाहीतर मामांनी 50 हर्ट्झची पुली, म्हणजे बेल्ट फिरवणारी चाकी, आधीच टाकून घेतलीय. रिपेअरवाल्यांनी हे न विचारता मोटर बदला म्हणणं मला तरी पटलं नाही.

तरी मनात शंका असेल तर मोजून घ्या, फुकट आहे. रेकॉर्डच्या लेबलवर कागदाचा छोटा तुकडा चिकटवा (सहज निघेल असा, लेबल फाटू नका देऊ), पिन टेकवून गाणं चालू ठेवा आणि मोबाईलवर तीन मिनिटं लावून फेरे मोजा. 100 आले की मशीन ठणठणीत. मशीनच अर्धा सूर मागे असती तर 94 च्या आसपास येतील, आणि 83 आले तर तो हर्ट्झवाला घोळ. पिन टेकवूनच मोजायचं बरं का, कारण बेल्ट सैल असेल तर तो वजन आल्यावरच घसरतो, रिकामी थाळी फिरवून मोजाल तर सगळं छान दिसेल आणि गाणं लागलं की परत रडगाणं. टेक्निक्स 1200 सारखी मशीन असेल तर आधी पिचचा, म्हणजे वेग कमीजास्त करायचा, स्लायडर बघा, तो 8 टक्के खालीवर जातो आणि पुसताना हमखास सरकतो, अर्ध्या सुराला तर साडेपाच टक्केच पुरतात.

वॉनच्या तारा मात्र लगेच घेऊ नका. तो पहिली तार 13 ची (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) लावायचा, आपण सगळे 9 नाहीतर 10 वर वाजवतो. एवढ्या जाड तारा अर्धा सूर उतरवल्या की ताण थोडा कमी होतो, तरी बेंड करताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना, बोटं सोलून निघतात. त्याचा आवाज जाड आहे त्यात तारांचा वाटा आहेच, पण मला विचाराल तर उजव्या हाताचा जास्त. ‘प्राइड अँड जॉय’ नुसता त्याच्या उजव्या हातासाठी ऐका, डावा हात मधल्या तारा दाबून मुक्या करतो आणि उजवा बेधडक सगळ्या तारांवरून फिरतो, म्हणून एकटा माणूस दोन गिटारींएवढा वाटतो. मागे फक्त टॉमी शॅननचा बेस आणि ख्रिस लेटनचे ड्रम्स, बास.

आणि हे सगळं नीट ऐकू येतं त्याला कारण आहे, अल्बम झालाच तसा. 1982 च्या जुलैत स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या फेस्टिवलला काही लोकांनी या पोरांना हूट केलं, पण तिथेच डेव्हिड बोवी आणि जॅक्सन ब्राऊन या दोन गायकांनी त्यांना ऐकलं. बोवीने नंतर वॉनला ‘लेट्स डान्स’ वर वाजवायला घेतलं आणि ब्राऊनने लॉस एंजेलिसचा आपला स्टुडिओ तीन दिवस फुकट दिला. नोव्हेंबरात तिघं गेले, एका खोलीत समोरासमोर उभे राहिले आणि स्टेजवर वाजवतात तसं वाजवलं. डेमो समजून केलेलं हे रेकॉर्डिंग निर्माता जॉन हॅमंडच्या कानावर गेलं, तो एपिक या रेकॉर्ड कंपनीशी बोलला आणि 1983 च्या जूनमध्ये अल्बम बाहेर. शीर्षकाचं गाणं मूळ लॅरी डेव्हिसचं, 1958 चं, ते मूळ आणि वॉनचं, दोन्ही शोधून लागोपाठ ऐका, वॉनने कुठे कान दिला आणि कुठे स्वतःचं घातलं ते कळतं. 27 ऑगस्ट 1990 ला हेलिकॉप्टर पडून तो गेला, वय फक्त 35.

प्रश्न: आमचं घर टॉप फ्लोअरला, स्लॅब तापतो, एसी नाही, कूलर आहे. मे महिन्यात रेकॉर्ड्स वाकतील का?
– मानेवाडा

उत्तर: ताई, 45-46 डिग्रीच्या खोलीत सावलीत उभी ठेवलेली एलपी वाकत नाही. विनाइल साधारण 60 च्या पुढे मऊ पडायला लागतं आणि नागपुरात ते तापमान दोन जागी हमखास मिळतं, बर्डीवर उन्हात लावलेली बंद कार आणि पश्चिमेच्या खिडकीतला ऊन येणारा कोपरा. नवतप्यात रेकॉर्ड घेऊन गाडीत ठेवून सरळ पुढच्या कामाला जाऊ नका, एवढं पाळा. ऑनलाइन मागवायची असेल तर दिवाळी ते फेब्रुवारी मागवा, मे महिन्यात पार्सलचा ट्रक कुठल्या उन्हात किती वेळ उभा राहील त्याचा नेम नाही.

रॅकमध्ये पुस्तकासारख्या उभ्या, तिरक्या नाही, आणि एकावर एक थप्पी तर अजिबातच नाही. माझी जास्त काळजी कूलरची आहे राजेहो. समोर रॅक असेल तर ओली हवा दिवसभर कव्हरवर जाते, पुठ्ठा फुगतो आणि जूनमध्ये पाऊस आला की बुरशी. रॅक दुसऱ्या भिंतीला घ्या. आणि वाकलेली रेकॉर्ड दोन काचांमध्ये धरून उन्हात सरळ करायचा तो उपाय सांगतात ना लोक, तो करू नका, तबकडी सपाट होईल आणि आतली रेघ जाईल.

प्रश्न: बाबांचा एचएमव्हीचा जुना रेकॉर्ड प्लेयर माळ्यावरून काढला, चालतोय! त्यावर लताबाईंच्या रेकॉर्ड छान वाजतात. मुलाची नवीन ब्लूजची एलपी लावली तर चालेल ना?
– महाल

उत्तर: चालेल पण लावू नका. त्या प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (पिन बसवलेला भाग) असते, ती रेकॉर्डवर बरीच जड बसते, हल्लीच्या चांगल्या कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आसपास चालतात. त्यात माळ्यावरची पिन किती घासलेली आहे देव जाणे, घासलेली पिन म्हणजे खाचेत छिन्नी. आधी पिन बदला, मिळाली तर. पिन उलटसुलट फिरवायची असेल तर एका बाजूला 78 (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड) लिहिलेलं असतं, ती बाजू एलपीला नाही, 78 च्या खाचा कितीतरी रुंद असतात. तोवर मुलाची एलपी मुलाच्या मशीनवर, आणि लताबाईंच्या रेकॉर्डही नवी पिन येईपर्यंत जरा कमीच वाजवा.

प्रश्न: याच अल्बमची दोन तबकड्यांची 45 आरपीएमवाली (मिनिटाला 45 फेरे) महागडी आवृत्ती बघितली. घेऊ की साधी?
– सदर

उत्तर: 45 वर खाच पिनेखालून जास्त वेगाने जाते म्हणून बारीक आवाज जास्त स्वच्छ येतो, हे खरं आहे. साध्या एलपीत बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला 51 सेंटीमीटर पळते आणि लेबलजवळ 21 वर येते, त्यामुळे शेवटचं गाणं जरा दबतं. पण इथे दुसऱ्या बाजूला शेवटी ‘लेनी’ आहे, हळुवार वाद्यसंगीत, तिथे हा तोटा फारसा जाणवत नाही. शिवाय एका बाजूला वीसेक मिनिटंच संगीत आहे, खाचा दाटीवाटीने कोंबाव्या लागलेल्या नाहीत. तुमचं मशीन साधं असेल तर साधीच घ्या आणि उरलेल्या पैशात चांगली कार्ट्रिज बसवा. महागडी घेतलीच तर वेगाचं बटण 45 वर टाकायला विसरू नका, नाहीतर तुम्हीही मोटर बदलायला जाल.