कॅरिबियन बेटांभोवतीचा समुद्र नेहमीपेक्षा जास्त तापलाय, हे नेमकं कसं ठरवतात?

आजचं तापमान त्याच जागेच्या, वर्षातल्या त्याच काळाच्या दीर्घकालीन सरासरीशी ताडून बघतात. जो फरक निघतो ती विसंगती. नुसत्या 29 अंशांवरून काही कळत नाही. सप्टेंबरात तिथे ते नेहमीचंच, फेब्रुवारीत मात्र काळजी करावी असं. अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेचा ‘कोरल रीफ वॉच’ कार्यक्रम उपग्रहांच्या मदतीने रोज, 5 किलोमीटरच्या चौकटीगणिक ही नोंद करतो आणि नकाशे सर्वांना मोफत बघता येतात.

प्रवाळांसाठीचा त्यांचा हिशोब मला फार मोलाचा वाटतो. सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा तापमान किमान 1 अंशाने जास्त असेल, तरच ती जादा उष्णता मोजायची आणि मागच्या 12 आठवड्यांची बेरीज करायची. म्हणजे 2 अंश जादा, सलग 3 आठवडे, तर बेरीज 6. ती 4 वर गेली की प्रवाळ पांढरे पडू लागतात, 8 च्या पुढे मरायला लागतात. 2023 मध्ये कॅरिबियनमध्ये आकडे इतके चढले की इशाऱ्याच्या जुन्या पातळ्या अपुऱ्या पडल्या आणि त्यांच्यावर 3, 4, 5 अशा नव्या पातळ्या आणाव्या लागल्या.

एक लक्षात ठेवा: उपग्रहाला फक्त पाण्याचा पृष्ठभाग दिसतो. उथळ खाडीत किंवा खोलवरच्या प्रवाळांपाशी तापमान बरंच वेगळं असू शकतं, त्यामुळे एखाद्या ठरावीक जागेबद्दल बोलायचं तर पाण्यात बसवलेल्या तापमापकाची नोंद हवीच.